कढईतले नूडल्स, थोडं मांस, भरपूर पालेभाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडगावच्या आमच्या गल्लीत संध्याकाळी कढईत लसूण पडली की शेजारून हाक येते, "आज नूडल्स काय वैनी? आमचे गिचकाच होतात बघा." अशा विचारण्यांना आजवर तोंडीच उत्तरं देत आले. तीच इथे लिहून ठेवते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या बाजारात जे रोज मिळतं तेवढ्यावर हा पदार्थ होतो.

हे म्हणजे गाड्यावरचे हक्का नूडल्सच ना?

नाही. गाड्यावरची चव कोलकात्यात वसलेल्या चिनी लोकांच्या, विशेषतः हक्का समाजाच्या हातून निघाली आणि गावोगाव फिरताना तिच्यात कोबी, ढोबळी मिरची, लाल चटणी, टोमॅटो सॉस असं बरंच काही मिसळलं. मला ती चवही आवडते, पण इथे सांगतेय तो पदार्थ त्याहून खूप साधा आहे. पूर्व चीनमध्ये घरात रोजच्या जेवणाला करतात तसा. तिकडे त्याला 'छिंगत्साय रोउस म्येन' म्हणतात, म्हणजे हिरवी भाजी, मांसाचे बारीक काप आणि नूडल्स. 'रोउ' म्हणजे मांस. नुसतं 'रोउ' म्हटलं की तिकडे डुकराचंच समजतात. 'म्येन' म्हणजे गव्हाच्या पिठाचे नूडल्स. तांदळाचे असतील तर नाव बदलतं, ते 'फन'. आणि 'छाओ' म्हणजे परतणं. आपण ज्याला चाऊमिन म्हणतो ते मुळात 'छाओ म्येन', परतलेले नूडल्स.

हा पदार्थ रश्शातला करतात, परतूनही करतात. खाली आधी परतलेला सांगितलाय, रश्शातला नंतर.

चौघांना काय काय आणि किती लागेल?

सुके नूडल्स २५० ग्रॅम, बिनहाडाचं मांस २५० ग्रॅम, निवडलेली पालेभाजी ४०० ग्रॅम. भाजी जास्त वाटेल, पण ती आळून मूठभर होते. ८–१० लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, कांद्याची पात एक जुडी. सोया सॉस तीन मोठे चमचे, साखर अर्धा छोटा चमचा, कॉर्नफ्लोर दोन छोटे चमचे, मिरपूड, आणि तेल चार मोठे चमचे. शेंगतेल घ्या. दक्षिण चीनमध्ये परतायला शेंगतेल वापरण्याची रीतच आहे, तेव्हा आपलं रोजचं तेल इथे अगदी बरोबर बसतं. मीठ मात्र हाताशी ठेवा, आधी घालू नका. सोया सॉसमध्ये भरपूर असतं.

गरम मसाला, हळद, कांदा-लसूण चटणी यातलं काहीही नको. पहिल्यांदा करताना हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे जातो. तो आवरा, एवढंच.

नूडल्स कुठले घ्यावेत? घरच्या शेवया चालतील का?

किराणा दुकानात 'हक्का नूडल्स' म्हणून जाड काड्यांची साधी पाकिटं मिळतात, ती चालतात. मसाल्याची पुडी असलेले दोन मिनिटांतले नूडल्स नकोत. ते आधी तळून सुकवलेले असतात आणि परतताना तुटतात. अंड्याचे मिळाले तर चव चांगली लागते.

चिनी नूडल्सचा पिवळसर रंग आणि दाताखाली लागणारा ताण नेहमी अंड्यामुळेच असतो असं नाही. पुष्कळदा पीठ मळतानाच खाराचं पाणी घालतात. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचं हे काम. खारामुळे पिठातला चिकटपणा घट्ट धरून राहतो.

आपल्या घरच्या शेवया खिरीच्या आणि उपम्याच्या. त्या फार बारीक असतात, परतायला घेतल्या की भुगा होतो. खपली गव्हाच्या जरा जाड शेवया असतील तर त्या रश्शात घालून बघा. मी केल्यात, छान लागतात, पण त्याला शेवयांचा रस्साच म्हणावं.

जाता जाता एक सांगते, कारण ते वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. चीनच्या छिंगहाय प्रांतात लाज्या नावाच्या ठिकाणी उत्खननात एका उपड्या पडलेल्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे नूडल्स सापडले. २००५ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की ते राळे आणि वरीसारख्या भरड धान्याचे होते. नुसत्या राळ्याच्या पिठाला ताण येत नाही, मग इतके लांब नूडल्स कसे ओढले, यावर नंतर वादही झाला. ते काही असो, भोगीला आपण ज्याचा भात करतो ते राळे तिकडेही इतक्या जुन्या काळापासून ताटात आहेत.

बॉक चॉय मिळत नाही. आपल्याकडची कुठली पालेभाजी घालू?

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण बॉक चॉय ही चिनी पालेभाजी शोधत फिरायची गरजच नाही. ती मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातली. म्हणून मुळ्याचा कोवळा पाला हा तिचा सगळ्यात जवळचा भाऊ. कडोली-कंग्राळीकडून ताजे मुळे येतात तेव्हा पाला मोडून टाकायला सांगू नका, तोच घरी आणा. कोवळी पानं घ्या, जून पानांना कूस असते. किंचित उग्रपणा सोया सॉसमध्ये छान मिसळतो.

दुसरा नंबर माठाचा आणि राजगिऱ्याचा. चीनमध्येही माठ खातात, लसणीवर परतून. म्हणजे ही काही आपण केलेली तडजोड नव्हे. फक्त लाल माठ घातलात तर नूडल्स गुलाबी होतील. पोरांना ते आवडतं. पोकळाही चांगला.

पालक चालतो, पण त्याला फार पाणी सुटतं. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून, गार पाण्यातून काढून, मुठीत घट्ट पिळून मगच घ्या. असं केल्याने त्यातलं ऑक्झॅलिक आम्लही बरंचसं पाण्याबरोबर जातं आणि दातांना जाणवणारा तो खरबरीतपणा कमी होतो. चाकवत या पदार्थासाठी घेऊ नये, तो विरघळतो. त्याचं ताकातलंच गरगटं करा. मेथी कडवट लागते, तरी काही घरांत आवडते. शेपू मी तरी घालत नाही, त्याचा वास बाकी सगळ्यांवर चढतो. आणि अंबाडी, म्हणजे बाजारात कन्नड बोलणाऱ्या मावशी जिला 'पुंडी' म्हणतात ती, आंबट असते. सोया सॉसच्या खारटपणात ते आंबट नीट बसत नाही.

भाजी कुठलीही असो, देठ आणि पानं वेगळी करा. देठ बोटभर लांबीचे चिरा आणि आधी घाला. पानं मोठी ठेवा आणि शेवटी घाला. आपल्या भाजीसारखी बारीक चिरली तर ती नूडल्सना चिकटून हिरवा चुरा दिसतो.

धुतल्यावर निथळू द्या. सकाळी धुऊन, फडक्यावर पसरून, संध्याकाळी वापरली तर उत्तम. हे पुढच्या एका प्रश्नात पुन्हा येणार आहे.

चिकन, मटण की डुक्कर?

पहिल्यांदा करताना चिकन घ्या, तेही मांडीचं. छातीचं पटकन कोरडं पडतं. मूळ पदार्थात डुकराचं असतं. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी जरूर करावं, थोडी चरबी असलेला तुकडा घ्यावा.

मटणाला जरा विचार लागतो. बोकडाचं मटण दोन मिनिटांत परतून शिजत नाही, आणि इथे सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. दोन वाटा आहेत. एक म्हणजे खाटकाकडून रानाचा, म्हणजे मांडीचा, बिनहाडाचा तुकडा घ्यायचा, तासभर फ्रीझरमध्ये ठेवून थोडा कडक करायचा आणि धाग्याला आडवे, कागदासारखे पातळ काप काढायचे. दुसरी वाट आपल्या घरातूनच जाते आणि मला तीच पटते. रविवारी मटण शिजवतो तेव्हा अळणी, म्हणजे मटण शिजल्याचं बिनमसाल्याचं पाणी, काढतोच. त्यातल्या मऊ झालेल्या चार-पाच बिनहाडाच्या फोडी बाजूला काढा, वाटीभर अळणीही ठेवा. संध्याकाळी त्या फोडी हाताने मोडून तेलात कडा लाल होईपर्यंत परता. असलं मटण गाड्यावर मिळणार नाही.

खिमाही चांगला. तो कढईत पसरून, न ढवळता, खालून तांबूस होऊ द्यायचा, मग मोडायचा.

माझं चिकन रबरासारखं होतं. काय चुकतं?

दोन गोष्टी. एक, काप. मांसाचे धागे कुठल्या दिशेने जातात ते बघा आणि त्यांना आडवं कापा. धाग्याच्या दिशेने कापलेला तुकडा कितीही शिजवला तरी चावत राहावा लागतो.

दोन, मुरवण. २५० ग्रॅम कापांना एक मोठा चमचा सोया सॉस, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोर, एक मोठा चमचा पाणी आणि चिमूटभर मिरपूड घालून बोटांनी चोळा. पाणी पूर्ण मुरेपर्यंत चोळायचं, वाटीत तळाला काही उरता कामा नये. शेवटी एक चमचा तेल, म्हणजे काप एकमेकांना धरत नाहीत. २० मिनिटं ठेवा. कॉर्नफ्लोरचा पातळ थर आच स्वतःवर घेतो आणि आतला रस आतच राहतो. हॉटेलात चिकन इतकं लुसलुशीत कसं लागतं, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच.

कच्च्या मटणाचे पातळ काप घेतले असतील तर आधी पाव छोटा चमचा खायचा सोडा चोळून १५ मिनिटं ठेवा, मग स्वच्छ धुऊन, फडक्याने टिपून वरचं मुरवण लावा. सोड्यामुळे आचेवर मांस आवळत नाही. सोडा जास्त झाला किंवा धुवायचा राहिला तर साबणासारखी चव येते, तेव्हा मोजूनच घाला.

सगळं नीट करूनही गिचका होतो. का?

पाण्यामुळे. जवळजवळ प्रत्येक बिघाड पाण्याचाच असतो.

लेकीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा बारा जणांचे नूडल्स एकदम केले होते. उकडलेले नूडल्स चाळणीत तसेच ढीग करून ठेवले. पालक नुकताच धुतलेला. चिकन किलोभर, सगळं एकाच वेळी मोठ्या पातेल्यात. पाच मिनिटांत पातेल्यात परतायचं थांबून उकळायला लागलं. चिकन पांढरं, पालक काळपट, नूडल्सचा गोळा. पोरांनी चमच्याने खाल्लं. लेक काही बोलली नाही, पण तिच्या ताटात अर्धं उरलं होतं, आणि ते ताट माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

त्या दिवसापासून तीन गोष्टी मी सोडत नाही. नूडल्स पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट कमी उकडायचे, लगेच गार पाण्याखाली धरून वरचं पीठ धुऊन काढायचं, चमचाभर तेल लावून परातीत पसरायचे आणि पंख्याखाली २० मिनिटं ठेवायचे. हाताला कोरडे लागले पाहिजेत. दुसरं, भाजी निथळलेली. तिसरं, एका वेळी दोघांपुरतंच. घरच्या शेगडीची आच गाड्यावरच्या भट्टीसारखी नसते. कढईत जितकं जास्त घालाल तितकी ती गार पडते, आणि गार कढईत भाजीला सुटलेलं पाणी उडून जात नाही, साचतं. चौघांचं करायचं तर दोनदा करा. एक घाणा सगळा मिळून सहा-सात मिनिटांचा.

कशानंतर काय घालायचं?

सगळं चिरून, वाट्यांतून मांडून ठेवा. शेगडी पेटल्यावर चिरायला वेळ मिळत नाही. दोन मोठे चमचे सोया सॉस, साखर आणि दोन चमचे पाणी एका वाटीत कालवून ठेवा. दोन घाण्यांत करणार असाल तर सगळ्याचे आधीच दोन भाग करा.

लोखंडी कढई मोठ्या आचेवर धूर दिसेपर्यंत तापवा, मग तेल. मांसाचे काप पसरा आणि अर्धा मिनिट हात लावू नका. खालून रंग आला की उलथन्याने पलटा. चिकनचा गुलाबीपणा पूर्ण गेला, एक जाडसा काप मोडून आतही पांढरा दिसला की ताटलीत काढा. त्याच कढईत आणखी थोडं तेल, ठेचलेली लसूण आणि आल्याच्या काड्या. लसूण लाल करायची नाही, वास सुटला की देठ घाला. इथे नीट बघत राहा. फिकट, दुधी हिरवे देठ एका क्षणी एकदम चकचकीत हिरवे होतात, जणू वरून पाणी फिरवलंय. तो क्षण आला की नूडल्स टाका. दोन उलथन्यांनी, किंवा एक उलथनं आणि एक चिमटा घेऊन, खालून वर उचलत मिनिटभर परता.

आता सोया सॉस. तो नूडल्सवर ओतू नका. कढईच्या काठाने, उघड्या तापलेल्या लोखंडावर गोल फिरवत सोडा. 'चर्र' असा आवाज येतो, कडेला बुडबुडे फुटतात आणि सोया सॉसचा कच्चा वास जाऊन भाजल्यासारखा खमंग वास उठतो. गल्लीत जातो तो हाच वास. लगेच पानं, कांद्याची पात आणि बाजूला काढलेलं मांस. दोनदा वरखाली केलं की पानं मरगळतात. आच बंद. उरलेली पानं ताटात गेल्यावर शिजतील.

सोया सॉसच्या बाटल्यांत फरक असतो का?

असतो, आणि खूप. 'लाइट' लिहिलेला पातळ आणि जास्त खारट असतो, चवीसाठी. 'डार्क' घट्ट, गोडसर, रंगासाठी. आपल्याकडची 'डार्क' बाटली काही वेळा नुसता काळा रंग आणि मीठच असते. पाठीमागचं लेबल वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी ही नावं आधी आणि 'नॅचरली ब्रूड' असं असेल तर घ्या. अशी बाटली महाग पडते, पण या पदार्थात मसाला म्हणावं असं हे एकच आहे.

ऑयस्टर सॉस आणला असेल तर लक्षात ठेवा, तो कालवांपासून करतात. शाकाहारी पाहुण्यांना वाढताना हे विसरता कामा नये.

अजिनोमोटो आणि लाल रंग?

रंग अजिबात नको. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला आणि म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी वापरायला बंदी घातली, जूनमध्ये कबाबांवरही तसाच हुकूम निघाला. रोडामाइन-बी हा कापड-कागद रंगवायचा रंग. आपल्या घरात त्याचं काय काम?

अजिनोमोटोची गोष्ट वेगळी आहे आणि दोन्ही एकाच दावणीला बांधू नयेत. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ही चव वेगळी काढली. तिच्या मुळाशी असलेलं ग्लुटामेट टोमॅटोत, अळंबीत, सोया सॉसमध्येही असतं. बेताने वापरलं तर घाबरायचं कारण नाही. मी घालत नाही, कारण चांगला सोया सॉस आणि नीट भाजलं गेलेलं मांस असलं की त्याची उणीव भासत नाही.

रश्शातले नूडल्स कसे करायचे?

पावसाळ्यात खानापूरकडे दिवस दिवस झड लागते तेव्हा हेच करावेत. वर सांगितलेली वाटीभर अळणी घ्या, त्यात तीन वाट्या पाणी, आल्याच्या दोन चकत्या, कांद्याच्या पातीचे पांढरे भाग. अळणीत हळद पडली असेल तरी बिघडत नाही, रस्सा पिवळा दिसेल इतकंच. जिरं-धने किंवा वाटण पडलं असेल तर मात्र ती या कामाची नाही, म्हणून मसाला घालायच्या आधीच काढून ठेवा. वर चरबीचा थर आला असेल तर निम्मा काढा, निम्मा राहू द्या. उकळी आली की चमचाभर सोया सॉस.

नूडल्स वेगळ्या पाण्यात उकडून थेट वाडग्यात घाला. रश्शातच उकडले तर पिठाने रस्सा गढूळ होतो. पानं उकळत्या रश्शात अर्धा मिनिट, मग सगळं नूडल्सवर ओता. वर मटणाच्या परतलेल्या फोडी आणि भरपूर मिरपूड. इथे पाण्याची भीती नाही, म्हणून नवशिक्यांनी इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

वशाट चालत नाही त्या वारी?

अळंबी. जाड काप करा, कोरड्या कढईत त्यांचं पाणी आटवा, मग तेल घाला. श्रावणात आमच्याकडे असेच होतात, वेगळ्या कढईत.

उरले तर? डब्यात देता येतील?

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी संपले पाहिजेत. शिजलेला भात आणि नूडल्स बाहेर उबेला राहिले की त्यात जे जंतू वाढतात त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेले टाकून द्या, जीवावर आलं तरी. डब्यासाठी सकाळी ताजे करा. नूडल्स रात्री उकडून, तेल लावून फ्रीजमध्ये ठेवले तर दहा मिनिटांचं काम. डबा भरण्याआधी परातीत पसरून वाफ जाऊ द्या, नाहीतर झाकणाखाली पाणी सुटून पुन्हा गिचका.

नॉनस्टिक कढई चालेल का?

काम भागेल, पण ती धूर येईपर्यंत तापवायची नसते, त्यामुळे तो भाजका वास येणार नाही. बाजारात लोखंडी कढई वजनावर मिळते, तीच घ्या. नवी आणल्यावर घासून, वाळवून, तेलाचा हात फिरवून मंद आचेवर काळपट होईपर्यंत तापवा, असं तीन-चार वेळा. नंतर रोज धुतली की लगेच शेगडीवर कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवा. ओली ठेवली तर सकाळी तांबेरा दिसेल. दिसला तरी टाकू नका, घासून पुन्हा तेल लावा.